विरघळलं की नुसतं मिसळलं? शेवाळ चाचणीतल्या एका पेचाची पार्श्वभूमी

सोयाबीन पेरल्यावर, उगवायच्या आत पेंडीमिथॅलिन फवारणं मराठवाड्यात नेहमीचं. औषध पडताच पंपातलं पाणी रंगतं, दुधाळ होतं, आणि आपण म्हणतो 'विरघळलं'. खरं तर लिटरभर पाण्यात हे तणनाशक जेमतेम ०.३ मिलिग्रॅम विरघळतं. बाकी सगळे बारीक थेंब, औषधातल्या साबणासारख्या घटकांनी पाण्यात धरून ठेवलेले.

एखादं रसायन शेवाळाला किती विषारी, हे पाहणाऱ्या चाचणीला हाच शब्द अनेक वर्षं छळत आला. १९८४ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीपासून मूळ रीत तीच आहे: रसायन असलेल्या आणि नसलेल्या बाटल्यांतली वाढ ७२ तास ताडून पाहायची. त्यासाठी जगभर वापरलं जाणारं हिरवं शेवाळ १९५९ मध्ये नॉर्वेतल्या एका नदीतून वेगळं केलेलं. त्याची शास्त्रीय नावं मात्र बदलत गेली, म्हणून जुने अहवाल वाचताना गोंधळ होतो.

माशांच्या चाचणीत पाणी सतत बदलता येतं. इथे ते केलं तर शेवाळच वाहून जाईल. शिवाय चांगल्या वाढीत तीन दिवसांत पेशी निदान सोळापट होतात, आणि त्याच रसायन शोषत राहतात. सुरुवातीला टाकलेलं प्रमाण शेवटी उरतच नाही.

पाण्यात न विरघळण्याच्या अडचणीवर ॲसिटोनसारख्या द्रावकात विरघळवून रसायन पाण्यात सोडण्याची वाट निघाली, आणि खरा वाद तिथेच पेटला. आकडे मिळाले, पण अनेकदा विद्राव्यतेच्या, म्हणजे पाण्यात जेवढं विरघळू शकतं त्याच्या, कितीतरी वरचे. तरंगणारे कण प्रकाश अडवतात, पेशींची मोजणी बिघडवतात. मग वाढ खुंटली ती विषामुळे की सावलीमुळे? मला द्रावकाची ही सवलत पहिल्यापासून चुकीची वाटते. २००० साली अशा, तपासायला अवघड पदार्थांसाठी स्वतंत्र मार्गदर्शन आलं: द्रावक टाळावा, वापरलाच तर लिटरमागे ०.१ मिलिलिटरच्या आत, आणि टाकलेल्यापेक्षा मोजलेलं प्रमाण महत्त्वाचं. २००६ मध्ये मूळ पद्धत, २०१९ मध्ये हे मार्गदर्शन सुधारलं.

आता सिलिकॉनमध्ये रसायन भरून ते हळूहळू पाण्यात झिरपू देतात. शेवाळाने जेवढं शोषलं, तेवढं सिलिकॉनमधून पुन्हा येतं.

शेततळ्यात मात्र चित्र वेगळं. पेंडीमिथॅलिन मातीला घट्ट चिकटतं, आणि पहिल्या मोठ्या पावसात काळ्या मातीच्या गाळासोबतच ते तिथे पोचतं.