अफू: माळव्याच्या शेतातून कलापुरात

पांढऱ्या रश्श्याच्या वाटणात जी खसखस पडते, ती अफूच्याच झाडाची बी. बोंड हिरवं असताना त्याला चिरा देतात आणि रात्रभर पाझरलेला चीक सकाळी खरवडून घेतात. ती अफू. बोंड वाळलं की आत खसखस तयार असते. नशा चिकात असते, बियांत नावापुरतीच. म्हणून आपल्या कायद्याने खसखस मोकळी ठेवली आहे. मात्र दुबई किंवा सिंगापूरला निघालेल्यांनी ती सामानात नेऊ नये, तिथे तिला बंदी आहे.

अफूचं मला माहीत असलेलं सर्वांत खरं चित्र मुघल दरबारातलं आहे. १६१८ साली इनायत खान हा दरबारी मरणाच्या दारात असताना जहांगीरसमोर आणला गेला. अफू आणि दारूने त्याची नुसती हाडं उरली होती. बादशहा स्वतः अफू घेणारा. त्याने चित्रकारांना ते शरीर जसंच्या तसं काढायला सांगितलं. त्या चित्रात अड्डा नाही, धूर नाही. लोडांना टेकलेला एक संपत आलेला माणूस तेवढा आहे.

व्यापाराची गोष्ट मात्र चित्रांत फारशी आली नाही आणि ती आपल्या फार जवळची आहे. ईस्ट इंडिया कंपनीने १७७३ मध्ये बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता स्वतःकडे घेतला. माळव्यात तिचा हुकूम चालेना, कारण तो मुलूख बराचसा शिंदे-होळकरांचा. कंपनीने करारमदार करून माल अडवून पाहिला, तर तो राजस्थानातून कराचीला आणि तिथून पोर्तुगिजांच्या दमणला जाऊ लागला. शेवटी १८३० च्या सुमारास कंपनीने नमतं घेतलं आणि पेटीमागे जकात घेऊन मुंबईची वाट खुली केली. एका पेटीत सुमारे ६३ किलो अफू. १८४३ मध्ये सिंध जिंकल्यावर कराचीची वाटही इंग्रजांच्या हाती आली, मग जकात चढत गेली.

हा माल चीनला जायचा. १८३९ मध्ये लिन झेशू या अधिकाऱ्याने २०,००० हून अधिक पेट्या जप्त करून नष्ट केल्या. इंग्रजांनी त्यावरून युद्ध केलं आणि १८४२ मध्ये हाँगकाँग घेतलं.

मुंबईत या व्यापारातून आणि कापसातून मोठे झालेल्यांमध्ये सर जमशेटजी जीजीभाई अग्रणी होते. रुग्णालय, माहीमचा पूल, आणि त्यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, ही त्यांची आणि त्यांच्या घराण्याची दानं. त्याच जे. जे. मध्ये आबालाल रहिमान शिकले, कोल्हापुरात परतले आणि शाहू महाराजांच्या दरबारचे चित्रकार झाले. कलापूर म्हणून आपण ज्याचा अभिमान बाळगतो, त्या परंपरेच्या एका मुळाशी माळव्याच्या शेतातला हा पैसा आहे. याने आबालालांच्या निसर्गचित्रांचं मोल तसूभरही कमी होत नाही. पण हे ठाऊक असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

युरोपच्या कथा-कादंबऱ्यांनी मात्र दोष दुसऱ्याच्या अंगावर टाकला. डिकन्सची १८७० मधली अपुरी राहिलेली कादंबरी लंडनच्या अफूच्या अड्ड्यात सुरू होते. शेरलॉक होम्सच्या १८९१ मधल्या एका कथेतही तसाच अड्डा आहे. तेव्हापासून अफू म्हटलं की अंधारी खोली, लांब नळी आणि आडवा पडलेला चिनी माणूस, हे चित्र ठरूनच गेलं. पेट्या कोणी विकल्या, जकात कोणी खाल्ली, हे त्या खोलीत दिसत नाही. मार्क्सचं १८४४ मधलं ‘धर्म ही लोकांची अफू’ हे वाक्य कोल्हापूरच्या व्याख्यानांतून कितीदा ऐकू येतं. पण त्यानेच १८५८ मध्ये अफूच्या व्यापारावर इंग्रजांना धारेवर धरणारे लेख लिहिले होते, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो.

मराठी रंगभूमीवर व्यसनाची जागा दारूने घेतली. गडकऱ्यांच्या सुधाकराने ती कायमचीच पक्की केली. अफू घरात राहिली. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बाया तान्ह्या पोराला झोप लागावी म्हणून बाळागोळी द्यायच्या, तिच्यात अफू असायची. पाळीवर जाताना पोराला कुठे ठेवायचं, या प्रश्नाला त्यांच्याकडे दुसरं उत्तर नव्हतं. या बाईवर एखादं नाटक व्हायला हवं होतं.

आज १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशच्या ठरावीक भागांतच परवान्याने अफू पिकते. चीक सरकारलाच द्यावा लागतो. नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्यावर प्रक्रिया होते. कर्करोगाच्या असह्य वेदनांवर दिलं जाणारं मॉर्फिन या चिकातूनच निघतं.