डोळ्यातून पाणी येतं म्हणजे डोळे ओले आहेत असं नाही

तुरीची मळणी झाली आणि त्यानंतर महिनाभर आईच्या डोळ्यातून सारखं पाणी येऊन राहिलं होतं, पदराने पुसून पुसून पापण्यांच्या कडा लाल झालेल्या, सकाळी उठली की डोळे चिकटलेले आणि दिवसभर एकच म्हणणं, डोयात खडा गेल्यावानी वाटते. शेवटी तालुक्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं तर ते म्हणाले डोळे कोरडे आहेत. परत येताना एसटीत आई माझ्यावरच चिडली, "पाणी वाहून राह्यलं अन् डाक्टर म्हंते डोये कोरडे हायेत, याले काई समजते का?"

पण मी तपासणी समोर बसून पाहिली होती. डॉक्टरांनी पिवळ्या रंगाची एक कागदी पट्टी तिच्या डोळ्याला हळूच टेकवली, निळा लाईट लावला, पापणी लववू नका म्हणाले आणि मोजायला लागले. चारपर्यंत पोचले नाही तोवर डोळ्यावरच्या अश्रूंच्या त्या पिवळ्या-हिरव्या थरात काळे डाग पडायला लागले, तळं आटल्यावर गाळ भेगाळतो ना तसे. मला पण मशीनमधून बघू दिलं म्हणून सांगतोय. चांगल्या डोळ्यात हा थर दहा सेकंद किंवा त्याहून जास्त टिकतो, आईचा चार सेकंदातच फाटत होता.

आता हा थर म्हणजे नुसतं पाणी नाही, इथेच आपली सगळ्यांची गफलत होते. डोळ्याला लागून एक चिकट पदार्थ असतो ज्याच्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहतं, त्याच्यावर पाणी, आणि सगळ्यात वर तेलाचा एकदम पातळ पापुद्रा. हे सगळं मिळून जाडी साधारण ३ मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाच्या वीस-पंचवीस पट बारीक. संत्र्याच्या आळ्यात पाणी सोडलं आणि वर पालापाचोळ्याचं आच्छादन नसलं तर मे महिन्यात ते किती वेळ टिकतं हे बागवाल्यांना सांगायची गरज नाही, डोळ्यातलं तेल हे तेच आच्छादन आहे. ते कमी पडलं की पाणी भराभर उडून जातं, डोळा उघडा पडतो, चुरचुरतो, तिथल्या नसा मेंदूला कळवतात की काहीतरी बिघडलं आणि मग डोळ्याच्या वरच्या अश्रूंच्या ग्रंथीतून एकदम पाण्याचा लोंढा येतो. तो गालावरून वाहून जातो, डोळ्यावर टिकत नाही कारण वरून झाकणारं तेलच धड नाही. म्हणून पाणी पण येतं आणि डोळा कोरडा पण राहतो. दोन्ही एकाच वेळी.

हे तेल बनवणाऱ्या ग्रंथी पापणीच्या कडेला असतात, वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३०, हाईनरिख मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरने १६६६ मध्ये त्यांचं वर्णन केलं म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आणि यांचं दुखणं समजून घ्यायचं असेल तर थंडीतली खोबरेल तेलाची बाटली आठवा. डिसेंबरात सकाळी ती उलटी केली तरी थेंब पडत नाही, मग आपण काय करतो, उन्हात ठेवतो नाहीतर गरम पाण्याच्या गंजात. पापणीतल्या तेलाचं तसंच होतं, ग्रंथीचं तोंड चोंदतं, तेल घट्ट होऊन टूथपेस्टसारखं होतं आणि बाहेरच येत नाही. कोरड्या डोळ्यांच्या लोकांमध्ये पाणी कमी बनणाऱ्यांपेक्षा हे तेलवाले जास्त असतात.

त्यात आपला इलाखा कसा आहे बघा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४५-४६ च्या वर जातो, दुपारची हवा इतकी कोरडी की ओला दुपट्टा बांधला तर दहा मिनिटात कडक. वरून सोयाबीन-तुरीच्या मळणीचा भुसा, कापूस वेचतानाची धूळ, चुलीचा धूर, हेल्मेटची काच वर करून पळवलेली मोटरसायकल, आणि रात्री अंधारात मोबाईल. एरवी आपण मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, मोबाईल बघताना ते निम्म्याहून कमी होतं आणि जी लवते ती पण अर्धवट, खालच्या पापणीला टेकतच नाही. ग्रंथीतलं तेल बाहेर येतं ते पापण्या एकमेकींवर दाबल्या की, म्हणजे अर्धी पापणी लववणं हे पंपाचा दांडा अर्धाच दाबण्यासारखं आहे.

तर उपाय. सगळ्यात कामाचा उपाय शेक, आणि तो बहुतेक लोक चुकीचा घेतात. गरम पाण्यात रुमाल बुडवून डोळ्यावर ठेवला तर दीड-दोन मिनिटात तो गार होतो आणि आपल्याला वाटतं झालं. तेल वितळायला पापणीला साधारण ४० डिग्रीची ऊब पाच ते दहा मिनिटं सलग लागते, म्हणून रुमाल असेल तर दर दोन मिनिटांनी बदलायचा. आमच्याकडे आम्ही जवस वापरतो. मूठ-दोन मूठ जवस मंद आचेवर तव्यात हलवायचा, तडतडायच्या आधी उतरवायचा, स्वच्छ सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधायचा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा आणि तिथे सोसवला तरच मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा. जवस गुळगुळीत असतो, डोळ्याच्या खळग्यात बरोबर बसतो आणि ऊब धरून ठेवतो, बाजारात मिळणाऱ्या शेकायच्या काही पिशव्यांमध्ये पण जवसच भरलेला असतो. शेक झाला की लगेच हात धुवून बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर अशी हलक्या हाताने कडेकडे निपटायची, डोळ्याच्या गोळ्यावर जोर द्यायचा नाही, मग उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापणीच्या केसांच्या मुळाशी जमलेला कोंडा पुसून घ्यायचा. रोज. आईला पहिल्या आठ दिवसात काहीच फरक पडला नव्हता, तिसऱ्या आठवड्यात सकाळचं चिकटणं थांबलं.

दुसरं, पापणी पूर्ण लववणं. दर थोड्या वेळाने मुद्दाम डोळे मिटायचे, दोन सेकंद तसेच ठेवायचे, हलकेच दाबायचे आणि उघडायचे. मोबाईल डोळ्यांच्या खालच्या लेव्हलला धरला की डोळा कमी उघडा राहतो, पाणी कमी उडतं. कूलर हवेत ओल सोडतो म्हणून तो एसीपेक्षा बरा, पण त्याचा झोत रात्रभर तोंडावर नको, खाट बाजूला सरकवा. गाडीवर आणि मळणीयंत्रापाशी बाजूनेही झाकणारा साधा गॉगल, हे तर औषधाच्या आधी.

खाण्याचं विचाराल तर जवसाची चटणी जरूर खा पण ती डोळ्याचं औषध म्हणून नका खाऊ. जवसात ओमेगा-३ असतं आणि ते कोरड्या डोळ्यांना चांगलं असं सगळीकडे लिहिलेलं दिसतं, पण २०१८ मध्ये अमेरिकेतला मोठा अभ्यास छापून आला, ५३५ लोक, काहींना वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम माशाच्या तेलातलं ओमेगा-३ आणि बाकीच्यांना ऑलिव्ह तेल, दोन्ही गटांना जवळपास सारखाच आराम पडला. लहान मुलांचं मात्र वेगळं आहे, त्यांचे डोळे कोरडे दिसत असतील आणि संध्याकाळी कमी दिसत असेल तर ते अ जीवनसत्त्वाची कमी असू शकतं, तिथे शेवग्याची पानं, पपई, गाजर रोजच्या जेवणात पाहिजेच आणि नवव्या महिन्यापासून मिळणारे डोस चुकवायचे नाहीत.

आणि आता जे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. नैसर्गिक आहे म्हणून डोळ्यात काहीही टाकू नका हो. मध, लिंबाचा रस, कांद्याचा रस, बाळंतिणीचं दूध, एरंडीचं तेल, गुलाबपाणी, यातलं काहीच निर्जंतुक नसतं. शेतात पऱ्हाटीची काडी नाहीतर ज्वारीचं पातं डोळ्याला ओरखडून जातं, त्या बारीक जखमेत बुरशी बसते आणि वरून आपण मध घालतो. आमच्या गावातल्या एका काकांना असंच झालं, त्यांनी औषधाच्या दुकानातून विचारून ड्रॉप आणले, दोन दिवस लाली गेली म्हणून खुश झाले, त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली दबते पण आतली बुरशी मोकाट वाढते, आज त्यांच्या त्या बुबुळावर पांढरा डाग आहे आणि फक्त उजेड कळतो. थेंब टाकायचेच असतील तर कृत्रिम अश्रू म्हणून जे कार्बॉक्सीमिथाइल सेल्युलोजचे थेंब मिळतात ते विचारून घ्या, दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह, म्हणजे औषध टिकावं म्हणून घातलेलं रसायन, नसलेले.

फवारणीचं औषध डोळ्यात उडालं तर तो कोरडेपणा नाही, तिथे घरगुती काहीच नाही, लगेच स्वच्छ पाण्याने निदान पंधरा-वीस मिनिटं धुवायचं आणि दवाखाना गाठायचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले ते आपण विसरलो नाही. तसंच डोळा ठणकत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणं कमी झालं असेल तर शेकत बसू नका. डोळ्यांसोबत तोंड पण कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील तर डॉक्टरांना तेही सांगा, तो श्योग्रेनचा आजार असू शकतो, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते तो, आणि सर्दीच्या सेटिरिझीनसारख्या गोळ्या चालू असतील तर त्या पण दाखवा, त्यांनीही डोळे सुकतात.

आईचं आता रोजचं ठरलेलं आहे, रात्रीची भांडी झाली की पुरचुंडी डोळ्यावर ठेवून पडून राहते आणि मला वेळ बघायला लावते. परवा शेजारच्या काकू आल्या, त्यांचेही डोळे तसेच, आईने लगेच आपली पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. मी ती परत घेतली आणि त्यांना वाटीभर जवस आणि कोरं कापड दिलं, कारण पापण्यांचं इन्फेक्शन एकीकडून दुसरीकडे जातं, पुरचुंडी ज्याची त्याचीच पाहिजे आणि कापड रोज धुतलेलं.