माठ : कोकण किनारपट्टीवरील लागवड व काढणी

राजगिऱ्याच्या कुलातील एक पालेभाजी. कोकणात डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत भातकापणीनंतर मोकळ्या झालेल्या खाचरांत, आगरांत, माडांच्या मधल्या पट्ट्यांत आणि परसात हिची लागवड होते. लाल, हिरवा व देठाचा असे माठाचे तीन प्रकार प्रचलित आहेत. दक्षिण कोकणात व गोव्यात लाल माठ ‘तांबडी भाजी’ म्हणून ओळखला जातो. तांदुळजा, पोकळा, काटेमाठ व राजगिरा हे याच प्रजातीतील भाऊबंद होत.

नाव व मूलस्थान : चरकसंहितेच्या सूत्रस्थानात शाकवर्गात ‘तण्डुलीयक’ येतो, त्यावरून मराठी तांदुळजा आला यात वाद नाही. सोळाव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या भावप्रकाश या आयुर्वेदीय ग्रंथात ‘मारिष’ या भाजीचे श्वेत व रक्त असे दोन भेद दिले आहेत, ते आजच्या हिरव्या व लाल माठाशी चांगले जुळतात. माठ हा शब्दही मारिषावरूनच आला असे काही जण मानतात. हिंदीतील ‘मरसा’ त्या शब्दापासून सरळ सिद्ध होतो. मराठीत मात्र ‘ष’चा ‘ठ’ होणे नेहमीच्या ध्वनिबदलात बसत नाही. म्हणून वस्तू तीच, पण शब्दाचे मूळ वेगळे, असे धरणे अधिक सुरक्षित वाटते.

मूलस्थानाच्या वादात मोठा गोंधळ एकाच प्रजातीतील धान्य आणि भाजी यांची गल्लत केल्याने झाला आहे. अमेरिकी वनस्पतिअभ्यासक जोनाथन सॉअर यांनी १९५० मध्ये राजगिऱ्याच्या धान्यजातींचा सविस्तर आढावा घेऊन त्यांचे मूळ अमेरिका खंडात दाखवले. या जाती आशियात आल्या त्या कोलंबसानंतर, असे पुढे मानले गेले. हे मत आज बहुतेकांना मान्य आहे. परंतु त्याच्या आधारे माठही मिरचीबटाट्याबरोबर पोर्तुगीज गलबतांतून आला असे म्हणणे चुकीचे ठरते. भाजीचा माठ मुख्यतः ॲमरँथस ट्रायकलर या वेगळ्या जातीचा असून ती दक्षिण व आग्नेय आशियातली मानली जाते. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसने १७५३ मध्ये तिला हे नाव दिले. रंग व आकार यांत ती इतकी बदलते की पुढे तिच्याच निरनिराळ्या रूपांना स्वतंत्र जातींची नावे मिळाली, त्यामुळे जुन्या वनस्पतिसूचींत एकच माठ तीनचार नावांनी सापडतो. भाजीसाठीच वापरली जाणारी ॲमरँथस ड्यूबियस ही जाती मात्र अमेरिकी मूळची. गुणसूत्रांची संख्या पाहिली की या दोन जातींत घोटाळा उरत नाही : ट्रायकलरमध्ये ती ३४, तर ड्यूबियसमध्ये ६४ आहे.

हवामान : माठाचे प्रकाशसंश्लेषण मका व ऊस यांच्याप्रमाणे सी-४ पद्धतीचे, म्हणजे प्रखर उन्हात व उष्णतेत अधिक कार्यक्षम ठरणारे आहे. त्यामुळे कडक ऊन आणि उष्ण हवा त्याला मानवते. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या लेट्यूस या विदेशी पालेभाजीचे याच्या नेमके उलट आहे. कॅलिफोर्नियाच्या सलिनास खोऱ्यात समुद्रावरून येणाऱ्या थंड धुक्याच्या बळावर लेट्यूसची अफाट शेते उभी राहतात. मजूर सुरीने गड्डे कापून शेतातच खोक्यांत भरतात आणि निर्वात शीतकरणाने, म्हणजे बंद कक्षातील हवा काढून घेऊन, माल थोड्या वेळात थंड होतो. कोकणात समुद्र आहे, पण त्यावरून येणारी हवा दमट व उबदार. अशा हवेत लेट्यूसला लवकर दांडा फुटतो आणि पान कडू होते. उघड्या वाफ्यावर येथे पालेभाजी म्हणून माठच खरा.

लागवड : जांभ्याची आम्लधर्मी माती असो की किनाऱ्याची पुळणीची, पाण्याचा निचरा चांगला हवा. पावसाळ्यात यासाठी गादीवाफे करतात, हिवाळी पिकाला सपाट वाफे चालतात. बी काळे, चकचकीत आणि अतिशय बारीक. एका ग्रॅममध्ये हजाराहून अधिक दाणे भरतात. फोकून पेरायचे तर हेक्टरी सुमारे २ ते ३ किलो पुरते. पेरणारी बाई बियांत चुलीतली चाळलेली राख मिसळते. ओल्या मातीवर काळे बी दिसत नाही, राखेचा पांढुरका पट्टा दिसतो. मूठ कुठे पडली आणि कुठे राहिली हे त्यावरून कळते. शिवाय मुंग्या बी ओढून नेण्याचे प्रमाणही कमी होते. हे तंत्र पिढ्यान्‌पिढ्या हातोहात आले आहे आणि लागवडीच्या छापील माहितीत त्याला मानाची जागा मिळायला हवी.

पाणी पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, घातलेल्या कच्च्या बांधातून किंवा विहिरीतून घेतात. आगरांत पूर्वी बैलाचा रहाट असे, आता पंप आहे. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, तेव्हा वाफे आवरते घ्यावे लागतात. वरून शिंपल्याने पानांवर माती व थेंब उडून पांढरा तांबेरा हा बुरशीजन्य रोग पसरतो. कोवळ्या पिकाला झारी आणि पुढे पाटाने पाणी, ही पद्धत म्हणून श्रेयस्कर. पाने गुंडाळणारी अळी हाही नेहमीचा उपद्रव आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने, ज्याची स्थापना १९७२ ची, ‘कोकण दुरंगी’ हा माठाचा वाण दिला आहे.

काढणी : तीन आठवड्यांनी दाट रोपे उपटून विरळणी करतात, हा कोवळा माठ लगेच विकला जातो. मुख्य पीक २५ ते ३० दिवसांत मुळांसकट उपटतात, किंवा खाली दोनतीन पेरी राखून खुडतात म्हणजे पुन्हा फूट येते. उपटण्यापूर्वी वाफा भिजवला की मुळे न तुटता निघतात. संध्याकाळी मुळे धुऊन, केळीच्या सोपाने जुड्या बांधून, ओल्या गोणपाटाखाली रात्रभर ठेवतात. शीतगृह म्हणावे ते एवढेच. पहाटेच्या गाडीने माल बाजारात जातो.

देठाचा माठ जूनच्या सुरुवातीला लावून भाद्रपदापर्यंत राखतात. ऋषिपंचमीच्या भाजीत त्याचे जाड देठ लागतात. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खायचे नाही असा रिवाज असल्याने परसात कुदळीने खणलेल्या वाफ्यातला माठ नेमका उपयोगी पडतो.

बियाण्यासाठी वाफ्याच्या कोपऱ्यात चारदोन जोमदार झाडे राखतात. परागण वाऱ्याने होत असल्याने लाल व हिरवा माठ जवळजवळ फुलला तर पुढच्या पेऱ्यात रंगांची सरमिसळ होते. म्हणून जाणत्या घरांत एका हंगामात एकाच रंगाचे बी धरतात. तुरे सुकले की सुपात झाडून, बी उन्हात वाळवून, राखेत घालून बरणीत ठेवतात.