५० एमएमचा ड्रायव्हर म्हणजे दमदार आवाज?

जळगाव असो की धुळे, हेडफोन घ्यायला गेलं की हमखास ऐकू येतं, "भाऊ, ५० एमएमचाच घ्या, बास (खालचा, घुमणारा आवाज) जोरात लागतो." ही समजूत वर्षानुवर्षं चालत आली आहे आणि ती चुकीची आहे.

ड्रायव्हर म्हणजे हेडफोनमधला आवाज काढणारा छोटा स्पीकर, आणि ५० एमएम म्हणजे त्याच्या पडद्याचा मिलिमीटरमधला व्यास. नुसत्या व्यासावरून आवाजाचा दर्जा कळत नाही. १९९१ पासून स्टुडिओंमध्ये वापरला जाणारा सोनीचा एमडीआर-७५०६ हा हेडफोन फक्त ४० एमएमचा आहे. कानात घालायचे इअरफोन तर १० एमएमच्या आसपासचे, तरी नीट बसले की ढोलकीची थाप खणखणीत देतात. कान झाकणाऱ्या, बंद कपांच्या हेडफोनमध्येही बास मुख्यतः गादी कानाभोवती किती घट्ट बसते यावर टिकतो. चष्म्याच्या काडीनेही फट पडते. दुकानातच अहिराणी गाणं लावा, कप हातांनी हलके दाबा. बास एकदम वाढला, तर बसणं सैल आहे.

सिनेमा आणि गेमसाठी '७.१' (म्हणजे चहूबाजूंनी आवाज येण्याचा दावा) लिहिलेल्या बहुतेक स्वस्त हेडफोनांतही दोनच ड्रायव्हर असतात, बाकी काम सॉफ्टवेअरचं. चांगला स्टीरिओ, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन बाजूंचा साधा हेडफोन, पुरतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात रेक्झिनची गादी घामाने सोलते, म्हणून बदलता येणारी गादी मात्र नक्की बघा.