तपकिरी पाण्यातला पाईक

फिनलंडमध्ये ५०० चौरस मीटरांहून मोठी अशी सुमारे १,८८,००० तळी आहेत. त्यातली कितीतरी पाइन आणि स्प्रूसच्या जंगलात, शेवाळी दलदलीच्या कुशीत आहेत. दलदलीतून झिरपणारं पाणी कुजलेल्या वनस्पतींची द्रव्यं सोबत आणतं, म्हणून या तळ्यांचा रंग कोऱ्या चहासारखा असतो. मीटर-दोन मीटरच्या खाली काही दिसत नाही. अशा तळ्यांत सगळ्यात वरचा शिकारी असतो पाईक हा मासा, शास्त्रीय नाव ईसॉक्स ल्युसियस. युरोप, सायबेरिया आणि उत्तर अमेरिका या तिन्हीकडे तो मूळचाच आहे. त्याला गळाला लावायचं तर आधी तो शिकार कशी करतो, हे नीट कळायला हवं.

पाईक भक्ष्याचा पाठलाग सहसा करत नाही. तो दबा धरतो. हिरवट अंगावर फिकट ठिपके असल्यामुळे कमळपानांच्या देठांत किंवा बुडालेल्या झाडाच्या फांद्यांत तो जवळ जाऊनही ओळखू येत नाही. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर थेट शेपटीजवळ सरकलेला असतो, म्हणजे पाणी मागे ढकलणारा सगळा पृष्ठभाग एकाच जागी. भक्ष्य टप्प्यात आलं की अंग वळसे घेऊन आखडतं आणि एका झटक्यात सरळ होतं. या झेपेचं त्वरण मोजलं गेलंय, ते गुरुत्वीय त्वरणाच्या दहापटीहून जास्त भरतं. पण ही ताकद क्षणभराचीच. तिला लागणारे स्नायू ऑक्सिजनविना काम करतात आणि लवकर थकतात. म्हणूनच जाणकार गळ तळ्याच्या मध्यावर टाकत नाहीत. पाणवनस्पती संपून उघडं पाणी सुरू होतं, त्या कडेकडेनं टाकतात.

पाईक मुख्यतः डोळ्यांनी शिकार करतो. गढूळ किंवा गडद पाण्यात मात्र अंगाच्या बाजूची पार्श्वरेषा आणि जबड्यावरची बारीक छिद्रं पाण्यातली हालचाल टिपतात. त्यामुळे तपकिरी तळ्यात आमिषाच्या रंगाइतकीच त्याची थरथर महत्त्वाची. हलत डुलत येणारी धातूची पत्री इथे इतकी चालते, ती त्यामुळेच. लाउरी रापाला या फिनिश कोळ्याचं निरीक्षण इथे आठवतं. छोट्या माशांच्या थव्यातला जो मासा लंगडत, अडखळत पोहतो, त्यालाच मोठे मासे नेमके उचलतात, हे त्यानं पाहिलं होतं. १९३६ मध्ये त्यानं बूच कोरून, त्यावर चॉकलेटचा चंदेरी कागद आणि वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप चढवून तशीच अडखळती चाल असलेला मासा बनवला. शास्त्रज्ञाला शोभेल असं हे निरीक्षण, असं मला मनापासून वाटतं.

मला या विषयात सगळ्यात जास्त भावते ती भक्ष्याची बाजू. जंगलातल्या उथळ डबक्यांत हिवाळ्यात वर बर्फाचं झाकण बसतं आणि खालचा ऑक्सिजन संपतो. पाईक तिथे मरतो. क्रुशियन कार्प नावाचा मासा मात्र ऑक्सिजनविना तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाचं अल्कोहोल करून ते कल्ल्यांतून बाहेर टाकतो आणि महिनोन् महिने तग धरतो. पाईक नसलेल्या अशा डबक्यांत तो लांबट राहतो आणि संख्येनं भरमसाट वाढतो. जिथे पाईक आहे, तिथे तोच मासा उंच पाठीचा, रुंद होतो. स्वीडनचे क्रिस्टर ब्रोनमार्क आणि अमेरिकेचे जेफ्री मायनर यांनी १९९२ मध्ये दाखवून दिलं की पाईक सोबत असला की या कार्पचं अंग खरोखरच उंच वाढतं. हा बदल घडवतो तो मासे खाणाऱ्या पाईकचा पाण्यातला वास. पाईक भक्ष्य अख्खं गिळतो, तेव्हा जबड्यात न मावणारं अंग हेच कार्पचं संरक्षण. पाईकच्या विष्ठेतही खाल्लेल्या माशांच्या कातडीतलं धोक्याची सूचना देणारं रसायन उतरतं. प्रयोगांत असंही दिसलं, की पाईक आपल्या शिकारीच्या जागेपासून दूर जाऊन विष्ठा टाकतो.

बर्फ वितळलं की लगेच पाईक काठच्या बुडालेल्या गवतात अंडी घालतो. अंडी चिकट असतात, गवताला धरून राहतात. पिल्लंही सुरुवातीचे काही दिवस डोक्यावरच्या चिकट ग्रंथीनं वनस्पतींना लटकून काढतात. उन्हाळ्यात गडद पाणी सूर्याची उष्णता वरच्या थरातच अडवतं. वर गरम, खाली थंड पण ऑक्सिजन कमी. मोठ्या पाईकला गारवा लागतो, त्यामुळे त्याची दोन्हीकडून कोंडी होते. अशा दिवसांत पकडून सोडलेला मासा दगावण्याची भीती जास्त. शरद ऋतूत पाणी ढवळून गार झालं की तो पुन्हा काठाकडे येतो आणि गळाला चांगला लागतो.

पाईकचे दात नायलॉनची दोरी सहज कापतात, म्हणून आमिषाच्या पुढे तारेचा तुकडा हवाच. नाहीतर मासा तोंडात गळ घेऊनच निघून जातो. लांब चोचीची पक्कड जवळ ठेवावी आणि सोडायचा मासा शक्यतो पाण्यातच ठेवून गळ काढावा. नेदरलँड्समधल्या १९७० सालच्या एका प्रयोगात असं दिसलं, की कृत्रिम फिरत्या आमिषाला एकदा फसलेला पाईक पुढे त्याच्या वाटेला फारसा जात नाही, जिवंत आमिषाला मात्र पुन्हा फसतो. ज्या छोट्या तळ्यावर सतत गळ पडतो, तिथे मासे असूनही हाती काही लागत नाही, त्यामागे हेही एक कारण असू शकतं.

सगळ्यात मोठे पाईक बहुतेक माद्या असतात. मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त. मोठ्या माद्या लाखाहून अधिक अंडी घालतात. त्या मारल्या तर छोट्या तळ्यात त्यांची जागा भरायला वर्षं जातात, म्हणून त्या सोडून द्याव्यात असं माझं ठाम मत आहे. त्यांना ताटात न वाढण्याचं आणखी एक कारण म्हणजे पारा. ऑक्सिजन नसलेल्या गाळात आणि दलदलीत जिवाणू पाऱ्याचं मिथिल पारा बनवतात. तो अन्नसाखळीत वर चढत जातो आणि म्हाताऱ्या शिकारी माशात सर्वाधिक साठतो. गडद पाण्याच्या जंगली तळ्यांत हे प्रमाण विशेष असतं. गर्भवती आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांनी पाईक खाऊच नये, असा फिनलंडच्या अन्न प्राधिकरणाचा सल्ला आहे. मुलांनी आणि तरुणांनी तो महिन्यातून एक-दोनदाच खावा, असंही ते सांगतं. खायचाच तर मध्यम आकाराचा घ्यावा. मांस पांढरं, चव सौम्य, पण पाठीच्या मांसात टोकाला दुभंगलेले बारीक काटे भरपूर. ते वेचायचा धीर नसेल तर मांस काट्यांसकट बारीक दळून त्याच्या टिक्क्या तळायच्या.