न्यू जर्सीचं गवत झोपतं तेव्हा डॅलसचं फोफावतं

ऑगस्टच्या मध्यावर न्यू जर्सीतल्या एखाद्या वस्तीत चक्कर मारा. पाणी न दिलेली बरीचशी लॉन्स पार वाळून गेलेली दिसतील. तिकडे डॅलसमध्ये अडतीस-चाळीस अंशांच्या उन्हात, थोडंफार पाणी मिळालं तरी गवत इतकं माजतं की दर आठवड्याला कापावं लागतं. न्यू जर्सीतला माणूस हे बघून आणखी खत टाकतो, आणखी पाणी सोडतो आणि महिन्याभरात उरलंसुरलं गवतही घालवून बसतो. कारण ऑगस्टमध्ये काय करायचं हे कॅलेंडर नाही, तर गवताची जात ठरवते.

अमेरिकेत उपग्रहाच्या छायाचित्रांवरून २००५ साली केलेल्या एका अंदाजानुसार लॉन सुमारे १,६३,००० चौरस किलोमीटरवर पसरलेलं आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. त्यातली गवतं ढोबळमानाने दोन गटांत पडतात. उत्तरेकडे, न्यू जर्सीसारख्या भागात, केंटकी ब्लूग्रास, टॉल फेस्क्यू, रायग्रास ही थंडीची गवतं. नावात केंटकी असलं तरी हे ब्लूग्रास तिथे पसरलं ते युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांबरोबर. दक्षिणेकडे बर्म्युडा, झोयसिया, सेंट ऑगस्टीन ही उन्हाळी गवतं. यातलं बर्म्युडा म्हणजे आपली हरळी, गणपतीला वाहतो त्या दूर्वा. डॅलसमधल्या मराठी घरांना ऐन गणपतीत दूर्वा अंगणातच मिळतात (फवारणी झालेली नसेल तर).

फरक पानाच्या आत आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडण्याचं काम रुबिस्को नावाचं विकर (एन्झाइम) करतं. त्याचा एक दोष आहे: ते कार्बन डायऑक्साइडऐवजी कधी कधी ऑक्सिजनच धरून बसतं. मग झालेली चूक निस्तरण्यात वनस्पतीची ऊर्जा जाते आणि कमावलेल्या कर्बाचा काही भाग पुन्हा हवेत जातो. तापमान चढलं की ही चूक वाढत जाते. ब्लूग्रास आणि फेस्क्यू यांना ती टाळता येत नाही. त्यांची पानं १५ ते २४ अंशांत छान वाढतात. तिशी ओलांडली की कमाई घटते, आणि रात्रीही उकाडा राहिला तर श्वसनात खर्च चालूच राहतो. साठवलेली साखर संपत जाते, मुळं आखडतात.

हरळी, मका, ज्वारी आणि ऊस यांनी यावर तोड काढलेली आहे. त्यांच्यात आधी दुसरंच एक विकर कार्बन डायऑक्साइड पकडतं, चार कर्बांचं आम्ल बनवतं आणि ते शिरांभोवतीच्या खास पेशींत पोचवतं. तिथे तो वायू पुन्हा मोकळा होतो. रुबिस्कोच्या भोवती त्याची इतकी दाटी होते की ऑक्सिजनला फारसा वावच उरत नाही. हॅच आणि स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली हा मार्ग उलगडला तो उसाच्या पानांवर काम करताना. म्हणून ही गवतं २७ ते ३५ अंशांत खुशीत असतात, आणि तेवढ्याच पाण्यात जास्त वाढतात.

न्यू जर्सीच्या लॉनमध्ये ऑगस्टात जे एकच गवत टवटवीत दिसतं ते बहुधा क्रॅबग्रास असतं. तेही याच उन्हाळी गटातलं तण. त्यावर आता औषध मारण्यात फारसा अर्थ नाही. ते वर्षायू आहे, पहिल्या कडक दहिवराबरोबर, म्हणजे दव गोठलं की, आपोआप मरतं. त्याचा बंदोबस्त वसंतात, बी रुजायच्या आधी करायचा असतो.

पिवळं पडलेलं गवत मेलंय की झोपलंय, हे आधी बघावं. मूठभर गवत धरून ओढा. सहज हातात आलं तर गेलं. घट्ट राहिलं तर जमिनीलगतचा बुडखा नखाने सोलून पाहा. तो पांढरट आणि टणक असेल तर गवत जिवंत आहे, कारण नवी पानं तिथूनच फुटतात. अशा झोपलेल्या ब्लूग्रासला दोन-चार आठवड्यांतून एकदा साधारण १२ मिलिमीटर पाणी पुरतं, बुडखा सुकू नये एवढंच. रोज शिंपडून त्याला अर्धवट जागं करणं हा सगळ्यात वाईट मार्ग. जागं होताना त्याची उरलेली साखर खर्ची पडते. शिवाय दमट, उष्ण रात्री पानं ओली राहिली की ब्राउन पॅच ही बुरशी पसरते. पाणी द्यायचंच तर पहाटे, आणि भरपूर.

आणि ओढताना मुळांसकट अख्खा पट्टाच सतरंजीसारखा गुंडाळला गेला तर? मग खाली हुमणी आहे. आपल्याकडे उसाची मुळं खाणाऱ्या हुमणीची ही चुलत भावंडं, जपानी भुंग्याच्या अळ्या. हा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा सापडला तो १९१६ साली, न्यू जर्सीतल्याच रिव्हर्टनजवळ. मादी उन्हाळ्यात गवताखाली अंडी घालते, ऑगस्टात अळ्या बाहेर पडून मुळं कुरतडू लागतात. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, दुधी अंगाची, तपकिरी डोक्याची अळी. फूटभर लांब-रुंद चौकोन खणून मोजा. दहाच्या आत असतील तर सशक्त लॉन सहसा तग धरतं. जास्त असतील तर उपाय आत्ताच, अळ्या लहान असताना. ऑक्टोबरात त्या मोठ्या आणि चिवट होतात, मग त्यांच्यासाठी रॅकून आणि स्कंक हे प्राणी रात्रीतून लॉन उकरून ठेवतात.

उत्तरेत खरी लगबग ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. माती अजून उबदार, हवा निवत चाललेली, तण मागे हटलेलं. बी पेरायला याहून चांगला काळ वर्षात नाही. चिकणमाती दबली असेल तर मातीच्या गुल्ल्या काढणारं यंत्र भाड्याने आणून फिरवावं. रायग्रास आठवड्याभरात उगवतं, फेस्क्यू दोनेक आठवड्यांत, ब्लूग्रासला मात्र तीन-चार आठवडे लागतात. दहाव्या दिवशी काही दिसत नाही म्हणून पुन्हा बी ओतू नये. खतही आत्ता: न्यू जर्सीच्या २०११ च्या कायद्यानुसार हजार चौरस फुटांना एका वेळी साधारण ४०० ग्रॅमपर्यंत नत्र चालतं, म्हणजे २० टक्के नत्राचं खत दोन किलो. नत्र पानांत जातं, पण थंडी वाढेल तसा भर फुटव्यांवर आणि मुळांवर येतो.

दक्षिणेत नेमकं उलट. पहिल्या दहिवराच्या सुमारे सहा आठवडे आधी नत्र बंद. नाहीतर कोवळी फूट थंडीत सापडते आणि बुरशीही बोकाळते. बर्म्युडा इंच-दोन इंच उंचीवर कापलेलं चालतं. सेंट ऑगस्टीनला मात्र तीन-चार इंच हवेत, कारण ते जमिनीवरून धावणाऱ्या खोडांवरच जगतं. खरवडून कापलं की त्याची पुंजीच गेली.

सगळ्यात पंचाईत व्हर्जिनिया, केंटकी, मिसुरी या मधल्या पट्ट्याची. उन्हाळ्यात ब्लूग्रासला सोसवत नाही, हिवाळ्यात बर्म्युडा तपकिरी पडतं. तिथे बहुतेकांचा आधार टॉल फेस्क्यू. ते थंडीच्या गटातलंच, पण मुळं खोल. त्याची ‘केंटकी ३१’ ही जात १९३१ साली केंटकीतल्या एका डोंगरउतारावरच्या शेतात आढळली आणि १९४३ मध्ये प्रसारित झाली. तिच्या आत राहणारी एक बुरशी पानं खाणाऱ्या किड्यांना दूर ठेवते, म्हणून लॉनमध्ये ती सोयीची. गुरांनी चरलं तर मात्र त्याच बुरशीच्या विषाने ती आजारी पडतात. फेस्क्यू ठोंबाठोंबांनी वाढतं, ब्लूग्राससारखं जमिनीखालून पसरून रिकाम्या जागा भरत नाही. त्यामुळे उन्हाळ्यात पडलेल्या टकलांवर सप्टेंबरात हातानेच बी टाकावं लागतं.