पेशीचा शोध

सजीवांचं शरीर पेशींचं बनलेलं असतं हे १७ व्या ते १९ व्या शतकात युरोपात हळूहळू कळत गेलं, त्यामुळे हा शोध एकाच माणसाच्या नावावर टाकता येत नाही.

शाळेत आपण रॉबर्ट हूक, १६६५ एवढंच पाठ करतो. हूकनं वस्तऱ्यासारख्या धार लावलेल्या चाकूनं बुचाचा एकदम पातळ काप काढला, काप पांढरट म्हणून काळ्या पट्टीवर ठेवला, भिंगातून त्यावर उजेड पाडला, तर आत मधाच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. इंचाच्या अठराव्या भागात साधारण ६० कप्पे मोजून त्यानं घन इंचाला सव्वाशे कोटींच्या वर असा हिशेबही मांडला! त्यानं फक्त मेलेल्या पेशी बघितल्या असं सगळीकडे लिहितात ते तितकंसं बरोबर नाही, हिरव्या झाडांतले रसानं भरलेले कप्पेही त्याला दिसले होते, पण हूक रस वाहायच्या वाटाच शोधत राहिला.

डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहुक यानं १६७४ पासून एकाच भिंगाच्या छोट्या मायक्रोस्कोपनं रक्तपेशी आणि पाण्यातले सूक्ष्मजीव बघितले. पेशीच्या आत असणाऱ्या गोलसर केंद्रकाचं वर्णन रॉबर्ट ब्राऊननं १८३१ मध्ये केलं.

श्लायडेन (१८३८, वनस्पती) आणि श्वान (१८३९, प्राणी) यांनी सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात हा पेशी सिद्धांत मांडला. पण नवी पेशी स्फटिकासारखी आपोआप तयार होते असं दोघंही मानत होते, आणि खरा वाद इथेच आहे. पेशी आधीच्या पेशीपासूनच होते हे वाक्य रुडॉल्फ व्हिरशोच्या नावावर (१८५५) चालतं, ते त्याच्याही आधी फ्रान्सच्या रास्पायनं वापरलं होतं असं म्हणतात. पण पुरावा रॉबर्ट रेमाकचा, त्यानं १८४० च्या दशकापासून कोंबडीच्या गर्भात पेशींचं विभाजन बघितलं आणि १८५२ मध्ये छापलं. व्हिरशोनं त्याला नीट श्रेय दिलं नाही असं बरेच इतिहासकार मानतात आणि तारखा बघता ते पटतं. व्हिरशोनं हा विचार रोगांना लावून सगळीकडे पोचवला हे खरंच, पण शोध रेमाकचाच धरावा. रेमाक ज्यू होता, बर्लिनमध्ये त्याला पूर्ण प्राध्यापकपद शेवटपर्यंत मिळालं नाही.

विभाजनात केंद्रकातले धागे कसे वागतात ते मात्र पेशींना रंग देऊन बघायला लागल्यावरच दिसलं, त्याचं सविस्तर वर्णन जर्मनीच्या वॉल्थर फ्लेमिंगनं १८८२ मध्ये छापलं.